टायपिस्टबाई ॲडमिन होतात

वजनकाटे बनवणाऱ्या त्या कारखान्यात टायपिस्टबाईंना सव्वीस वर्षं झाली होती, आणि त्यातली शेवटची तीन वर्षं त्या काम असल्याचं सोंग करत होत्या.

सोंग म्हटलं म्हणून बाई लबाड होत्या असं कुणी समजू नये. घरी येताना ऑफिसची टाचणी पदराला चुकून लागून आली, तरी दुसऱ्या दिवशी ती परत नेऊन डबीत टाकणारी ही बाई. पण वेळच तशी आली होती. एके काळी दिवसाला चाळीस पत्रं त्यांच्या हाताखालून जायची. मग एकेकाच्या टेबलावर संगणक आला आणि ज्याचं तो टाइप करू लागला. 'कृपया'चं 'क्रुपया' व्हायचं, 'विश्वासू'चं 'विश्वासु' व्हायचं, पण पत्रं जायची आणि त्यांना उत्तरंही यायची. बाईंची खोली जिना जिथं वळतो तिथं होती, खाली कारखाना आणि वर ऑफिस. जिन्यात पावलं वाजली की बाई की-बोर्डवर बोटं आपटायला लागायच्या. एकच पत्र होतं त्यांचं, गंजक्या स्प्रिंगा पाठवल्याबद्दल एका पुरवठादाराची हजेरी घेणारं. ते त्यांनी या तीन वर्षांत हजारदा तरी टाइप केलं असेल. तो पुरवठादार बिचारा केव्हाच दुकान बंद करून गावी गेला होता.

निवृत्तीला चार वर्षं उरली होती. तेवढी कुणाच्या नजरेत न येता काढायची, एवढाच बाईंचा बेत होता.

एका सोमवारी त्या जिना चढून आल्या, तर त्यांच्या दारापाशी सुतार ड्रिल मशीन घेऊन उभा. दाराला दोन भोकं पाडून झाली होती आणि तिथं एक चकचकीत स्टीलची पाटी बसत होती. पाटीवर इंग्रजीत, ठसठशीत अक्षरांत: ॲडमिन.

"अहो, ही माझी खोली आहे," बाई म्हणाल्या.

"मग तुमचीच पाटी असणार," सुतार म्हणाला आणि शेवटचा स्क्रू पिळून चालता झाला.

बाई तशाच वर गेल्या. मोठे साहेब आता थकले होते. गेले सहा महिने त्यांची मुलगी कारभार बघत होती आणि सगळे तिला छोट्या मॅडम म्हणत. बाईंनी तिला शाळेच्या गणवेशात, दप्तर फरफटत जिना चढताना पाहिलं होतं. तिचा 'माझा आवडता प्राणी' हा निबंध टाइप करून दिला होता. पण पद म्हणजे पद. 'अगं' म्हणायला उघडलेलं तोंड त्या दरवेळी 'मॅडम'वर आणून मिटायच्या.

"मॅडम, माझ्या दारावर ती पाटी..."

"हो! छान दिसते ना?"

"दिसते छान. पण ॲडमिन म्हणजे मी नेमकं काय करायचं?"

छोट्या मॅडमनी डोळे वर करून छताकडे पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला. "ॲडमिन म्हणजे... ॲडमिनच हो, बाई. सगळीकडे असतं," असं म्हणून त्यांनी फोन उचलला, आणि मग हातानंच 'बोलू नंतर' अशी खूण केली.

सगळीकडे असतं, आणि आपल्यालाच ठाऊक नाही! बाईंना भारी ओशाळल्यासारखं झालं. टायपिंगच्या परीक्षेत पहिल्या आल्या होत्या तेव्हा त्यांना इंग्रजी-मराठी शब्दकोश बक्षीस मिळाला होता. तो घरी कपाटावर होता. संध्याकाळी चपला काढल्या त्या सरळ कपाटाशी स्टूल लावून त्यावर चढल्या.

"अगं, पडशील! सावकाश! एक-दोन, एक-दोन!" नवरा खालून ओरडला. शाळेत कवायत शिकवण्यात त्याचा जन्म गेला होता आणि निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी घरात तो आकडे मोजूनच बोलत असे.

कोशात 'ॲडमिन' नव्हतं. थोडं वर 'ॲडजस्ट' होतं, म्हणजे जुळवून घेणे. थोडं खाली 'ॲडमिरल' होतं, म्हणजे आरमाराचा सेनापती. मधे कुठंतरी आपण असू, असा बाईंनी अंदाज केला आणि बोट फिरवता फिरवता त्यांना 'ॲडमिनिस्टर' सापडला. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "ॲडमिनिस्टर. एक, राज्यकारभार चालवणे. दोन, औषध देणे. तीन, शपथ देणे. चार, तडाखा लगावणे."

"चारही तू घरात करतेसच," नवरा म्हणाला. "ऑफिसात आता कळलंय, इतकंच."

पलीकडच्या खाटेवर सासूबाई पडल्या होत्या. त्यांना ऐंशीव्या वर्षी ऐकू कमी येत असे, पण जे ऐकू येई ते त्या वाया जाऊ देत नसत. त्यांना 'मिनिस्टर' ऐकू आलं आणि 'राज्यकारभार' ऐकू आलं. सकाळी बाई अंघोळ करून बाहेर येतात तो खालच्या मजल्यावरची शेजारीण दारात उभी. "वहिनी, अभिनंदन! आमच्या गल्लीतल्या गटाराचं तेवढं मनावर घ्या."

"आई, काय सांगितलंत तुम्ही?" बाईंनी सासूबाईंच्या कानाशी जाऊन विचारलं.

"खरं तेच सांगितलं. लपवायचं कशाला? आमच्या घराण्यात पहिलीच तू."

लेक दुसऱ्या शहरात असे. रात्रीच्या जेवणाआधी तिचा फोन आला तेव्हा बाईंनी तिलाही विचारलं. लेक खो खो हसली. "आई, अगं, सोपं आहे. आपला घरचा ग्रुप आहे ना फोनवर? त्याचा ॲडमिन मामा आहे. नको त्या माणसाला ग्रुपमधून काढून टाकायचं, हे त्याचं काम. मागं काकांना नव्हतं का काढलं?"

"म्हणजे माणसं काढायची?"

"माणसं काढायची," लेक म्हणाली, आणि तिला हसू आवरेना म्हणून तिनं फोन ठेवला.

बाईंना ही गंमत इतकी आवडली की दुसऱ्या दिवशी फाटकातून आत शिरताना त्यांनी ती वॉचमनला सांगितली. वॉचमनही हसला. पण बाई वळल्यावर तो हसायचा थांबला, हे त्यांना दिसलं नाही.

तोवर इकडे कामं यायला लागली होती. पाटी लागून दोन दिवस झाले नसतील, वरच्या बेसिनचा नळ ठिबकायला लागला. सेल्सच्या माणसानं तो आधी पाहिला. हे गृहस्थ कायम फोनवर असायचे, म्हणून सगळे त्यांना फोनवाले म्हणत. त्यांनी फोन कानाला तसाच ठेवून, बाईंच्या दारातून आत डोकं घालून सांगितलं, "नळ ठिबकतोय."

"मग मी काय करू?"

फोनवाल्यांनी बोटानं पाटीवर टिचकी मारली आणि निघून गेले.

बाईंनी प्लंबरला बोलावलं. करायला काही तरी मिळालं, याचाच त्यांना आनंद झाला होता. पण नळ दुरुस्त झाला ही बातमी ऑफिसभर पसरली आणि मग बांध फुटला. कुणाच्या खुर्चीचं चाक निखळलं, कुणाच्या डब्याचं झाकण हरवलं. स्टोअरमध्ये कबुतरानं अंडी घातली. मुतारीच्या दिव्याचं बटण बाहेर असावं की आत, यावर वाद पेटला. फोटोकॉपीच्या मशीननं कागद गिळला आणि ते गुरगुरत बसलं. बाईंनी त्याच्या कुशीत एक सणसणीत चापट मारली तसा त्यानं कागद ओकून टाकला. 'तडाखा लगावणे', बाई मनात म्हणाल्या. पॅकिंगमधल्या एकीचं डोकं दुखत होतं, तिला पर्समधली गोळी दिली तेव्हा 'औषध देणे'ही झालं. पॅकिंगमधल्या त्या दोघी जावा-जावा होत्या. थोरलीला पंखा हवा असे, धाकटीला नको असे, आणि पंख्याच्या निमित्तानं घरचं सगळं उकरून निघे. बाईंनी दोघींना समोरासमोर उभं केलं आणि एकमेकींच्या मुलांची नावं घेऊन बोलायला लावलं: पंखा सकाळी चालेल, दुपारी बंद राहील, आणि पंख्याखाली सासूचा विषय निघणार नाही.

"शपथ?" थोरलीनं विचारलं.

"शपथ," बाई म्हणाल्या. "माझ्या पुस्तकातच आहे ते."

गुरुवारी फोनवाल्यांनी जेवणाच्या सुटीत या नव्या पदाची फोड करून दाखवली. "अहो, सोपं आहे. कुठं काही अडलं, की बाई म्हणतात, 'मी ना!' अड-मी-ना. ॲडमिन!" सगळे पोट धरून हसले. बाईही हसल्या. खरं म्हणजे त्या दिवशी त्या इतक्या दमल्या होत्या की हसल्यावर त्यांना खुर्चीत टेकावं लागलं. पण तीन वर्षांत पहिल्यांदाच, जिन्यात पावलं वाजली तेव्हा त्यांनी गंजक्या स्प्रिंगांचं पत्र काढलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी छोट्या मॅडमनी निरोप पाठवला: सगळ्या लोकांची यादी करा. नाव, कधीपासून कामाला आहे, नेमकं काय काम करतो, सोबत एक फोटो. बाईंनी कारण विचारलं नाही. यादी करणं हे त्यांच्या हाडात होतं. त्यांनी वही घेतली आणि फाटकापासून सुरुवात केली.

"कधीपासून आहात?" त्यांनी वॉचमनला विचारलं.

वॉचमनचा चेहरा पडला. "अकरा वर्षं. का?"

"यादी करायची आहे. आणि नेमकं काय काम करता?"

"काय काम करता म्हणजे? बाई, फाटक काय आपोआप उघडतं?"

"तसं नव्हे हो, लिहायचंय फक्त. एक फोटोही लागेल."

वॉचमननं एकाला सांगितलं, एकानं चौघांना. ॲडमिन म्हणजे माणसं काढणारा. हे खुद्द बाईंनीच हसत हसत सांगितलेलं. आणि आता वही घेऊन त्या प्रत्येकाला विचारताहेत, की तू नेमकं काय करतोस! दुपारच्या आत कारखान्याची हवाच पालटली. बाई खाली उतरल्या की यंत्रांचा आवाज वाढायचा. ज्यांनी आयुष्यात झाडू धरला नव्हता ते आपल्या टेबलाखालची जमीन पुसताना दिसू लागले. फोनवाल्यांनी तर फोन बंद करून खिशात टाकला. तो कानाला नसताना त्यांचा चेहरा कसा दिसतो हे कुणी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे दोघा-तिघांनी त्यांना ओळखलं नाही.

बाईंना या सगळ्याचा पत्ताच नव्हता. लोक सुधारले, असं त्यांना वाटलं.

जेवणाची सुटी झाली तशी त्यांच्या खोलीबाहेर, जिन्यात, रांग लागली.

आधी जावा आल्या, दोघी एकदम. थोरली म्हणाली, "बाई, आता आम्ही भांडत नाही. पंखा नसला तरी चालेल." धाकटी म्हणाली, "असला तरी चालेल." मग थोरलीनं धाकटीचा हात धरला आणि म्हणाली, "काढायचंच असेल तर मला काढा. हिची पोरं लहान आहेत." हे ऐकून धाकटीला रडू फुटलं. सहा वर्षांत एकीनं दुसरीबद्दल बरा शब्द काढला नव्हता आणि आता दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकवून बाईंच्या टेबलावर आसवं गाळत होत्या.

"अगं पण कुठून काढायचं?" बाई गोंधळल्या.

दोघी काही सांगायच्या आत फोनवाले शिरले. त्यांनी जावांना बाहेर पाठवून दार लावून घेतलं, खाली मान घातली आणि कबूल करून टाकलं. "बाई, तुमच्यापासून काय लपवायचं? मी फोनवर असतो तेव्हा दर वेळी गिऱ्हाईकच असतं असं नाही. पुष्कळदा पलीकडे कुणीच नसतं. फोनवर माणूस दिसला की त्याला कुणी दुसरं काम सांगत नाही."

बाईंना एकदम गंजक्या स्प्रिंगा आठवल्या. फोनवाल्यांबद्दल त्यांना इतकी माया याआधी कधीच वाटली नव्हती.

मग वॉचमन येऊन गेला. आपण खुर्चीत बसून डोळे मिटतो ते झोपायला नव्हे, कान उघडे राहावेत म्हणून, असं त्यानं पटवून सांगितलं. बाईंनी अखेर त्याला धरलं. "हे काय चाललंय? कुणी काढायला सांगितलंय तुम्हाला?"

"तुम्हीच नाही का म्हणालात? ॲडमिन माणसं काढतो म्हणून?"

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पण पाठोपाठ त्यांना वाटलं, हे खरंच असेल तर? मॅडमनी यादी मागवली ती कशाला? चाळीस माणसांची नावं आपण आपल्या हातानं, आपल्या वळणदार अक्षरात लिहून देणार, आणि मग? शिवाय सगळ्यात कमी काम असलेलं माणूस या इमारतीत कोण, हे त्यांच्याइतकं नीट कुणाला ठाऊक होतं?

त्या उठणार तोच रांगेतला शेवटचा माणूस आत आला. मिस्त्री होते. काटे तपासण्याच्या टेबलावर मोठ्या साहेबांच्या वेळेपासून बसणारा माणूस. शेजारी दुसरा एक तपासनीस बसे, पण बहुतेक काटे मिस्त्रींच्याच हाताखालून जात. ते लगेच खुर्चीवर बसले नाहीत. खुर्ची कुठं आहे हे त्यांनी आधी हातानं चाचपलं, आणि तेव्हाच बाईंना काहीतरी खटकलं.

"बाई, तुम्ही विचारायच्या आधी मीच सांगतो," मिस्त्री म्हणाले. "मला दिसत नाही."

"काय?"

"दिसत नाही म्हणजे अंधार नाही. पण काटा आणि आकडे धुरात असल्यासारखे. दोन महिने झाले. वजन ठेवल्यावर स्प्रिंग ज्या तऱ्हेनं दबते त्यावरून ओळखतो. आजवर चुकलो नाही असं वाटतं. पण तुम्ही कामाचं लिहिताय ना, मग खरं ते लिहा. लिहा, की मिस्त्री अंदाजानं तपासतो."

बाईंनी वही मिटली. "मिस्त्री, तुम्ही इथंच बसा. कुठं जाऊ नका."

त्या दोन-दोन पायऱ्या चढत वर गेल्या. छोट्या मॅडम डबा खात होत्या. बाईंनी दार ठोठावलं नाही आणि 'मॅडम'ही म्हटलं नाही.

"अगं, ही यादी कशाला हवी आहे तुला?"

छोट्या मॅडमचा घास हातातच राहिला. असा आवाज त्यांनी शाळेत असताना ऐकला होता, निबंधात एकच वाक्य तीनदा लिहिलं होतं तेव्हा. "ओळखपत्रं करायची आहेत, बाई. गळ्यात अडकवायची. का हो?"

"ओळखपत्रं?"

"हो. निळ्या फितीची."

बाई खुर्चीत मटकन बसल्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. मामाचा ग्रुप, वॉचमन, रडणाऱ्या जावा, धुरातले आकडे. फोनवाल्यांचं मात्र पोटात ठेवलं. छोट्या मॅडम आधी हसल्या, मग गंभीर झाल्या, मग पुन्हा हसल्या.

"आता तू मला एकदा नीट सांग," बाई म्हणाल्या. "ॲडमिन म्हणजे काय? तू माझ्या दारावर ते का लावलंस?"

छोट्या मॅडमनी डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "खरं सांगू? रागावणार नाही ना? मी पाट्या आणायला गेले होते. पाच दारं, पाच पाट्या. सेल्स, स्टोअर, पॅकिंग, अकाउंट्स आणि तुमची. टायपिस्ट अशी पाटी मागितली, तर तो दुकानदार म्हणाला, ती आता कुणी बनवतच नाही. त्याच्याकडे तयार अशा दोनच उरल्या होत्या. एक ॲडमिन आणि एक पुरुषांसाठी."

बाईंच्या तोंडून आधी एक बारीकसा आवाज निघाला, आणि नंतर त्या अशा हसायला लागल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. हसता हसता मधेच त्यांना थोडं रडूही आलं, पण पदर होताच डोळ्यांवर, त्यामुळे छोट्या मॅडमना ते कळलं नसावं.

"पण बाई, मला खरंच माहीत नाही हो त्याचा अर्थ," छोट्या मॅडम म्हणाल्या. "सगळे म्हणतात म्हणून मीही म्हणते. तुम्हीच ठरवा ना. ठरवा, लिहा, आणि खाली लावून टाका. म्हणजे लोकांची भीती जाईल."

बाई खाली आल्या. मिस्त्री सांगितल्याप्रमाणे बसून होते. बाईंनी संगणक सुरू केला. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना खरोखरीचा मजकूर टाइप करायचा होता आणि बोटं अडखळत होती. वर त्यांनी मथळा दिला, 'सर्वांच्या माहितीसाठी'. खाली लिहिलं, 'ॲडमिन कोणासही कामावरून काढत नाही.' इथं त्या थांबल्या. मग लिहिलं, 'ओळखपत्रांसाठी फोटो सोमवारपर्यंत द्यावेत. डोळे मिटलेला फोटो चालणार नाही.' हे वॉचमनसाठी होतं. मग आठवडाभराचा सगळा शीण बोटांत उतरला आणि त्यांनी सरसर लिहिलं, 'पुढील कामे ॲडमिनची नाहीत: नळ, खुर्च्या, दिवे, डब्यांची झाकणे, फोटोकॉपी मशीन, कबुतरे, पंख्यावरील भांडणे, विसरलेल्या छत्र्या...' अशी एकूण तेवीस कामं झाली. एकही शब्द चुकला नाही. कागद काढून त्यांनी फाटकाजवळच्या फलकावर टाचला.

लोकांनी पहिलं वाक्य वाचलं. त्यापुढं वाचायची कुणाला गरज वाटली नाही. कारखान्यात आनंदीआनंद झाला, यंत्रांचा आवाज पूर्वीइतका झाला, फोनवाल्यांनी फोन कानाला लावला. छोट्या मॅडमनी तेवढा खाली येऊन पुढचा भागही वाचला. मग फलकापाशीच त्यांनी बाईंना विचारलं, "बाई, हे मस्त लिहिलंय. पण ही तेवीस कामं ॲडमिनची नाहीत, तर मग करतं कोण?"

"मीच," बाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं.

छोट्या मॅडमनी खिशातून पेन काढलं, आणि 'नाहीत' या शब्दावर एक रेघ ओढून त्यावर 'आहेत' लिहिलं. खाली सही केली.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "मग चोविसावं मी सांगते, तेही लिही. सोमवारी अर्धा दिवस मी आणि मिस्त्री बाहेर जाणार. आणि गेल्या दोन महिन्यांत तपासलेले जेवढे काटे स्टोअरमध्ये आहेत, तेवढे सगळे पुन्हा तपासायचे. ते तू स्वतः बस तपासायला."

छोट्या मॅडम बसल्या. शुक्रवारची दुपार आणि शनिवारचा अख्खा दिवस त्या बाह्या सरसावून तपासणीच्या टेबलावर होत्या. बाई शेजारी बसून आकडे लिहून घेत होत्या, आणि मिस्त्री मागं उभे राहून एकेका काट्याच्या वेळी श्वास रोखत होते. अडुसष्ट काटे निघाले. त्यांतला एकच चुकीचा होता, आणि त्याच्या चिठ्ठीवर सही दुसऱ्या तपासनिसाची होती. त्याची नजर घारीसारखी आहे, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

सोमवारी बाई मिस्त्रींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. मिस्त्री वाटेत सारखे म्हणत होते, "बाई, हे काय तुमचं काम आहे का?" आणि बाई दर वेळी म्हणत होत्या, "सही आहे त्यावर." डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घातलं, दिव्याचा झोत टाकला, वेगवेगळी भिंगं लावून पाहिली. मोतीबिंदू अजून कच्चा होता. तूर्त चष्मा पुरेल, वर्षभरानं शस्त्रक्रियेचं बघू, असं ते म्हणाले. मिस्त्रींना वाटत होतं, आता सगळं संपलं. डॉक्टरांचं ऐकून या धिप्पाड माणसानं त्यांचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडलेच नाहीत.

चष्मा बुधवारी आला. बाईंनी तो डबीतून काढून दिला, मिस्त्रींनी दोन्ही हातांनी धरून नाकावर ठेवला, आणि बाईंच्या खोलीच्या खिडकीतून आधी बाहेर पाहिलं. मग भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग बाईंकडे वळले आणि दचकले.

"बाई! तुमचे केस इतके पांढरे कधी झाले?"

"चार वर्षं झाली," बाई म्हणाल्या.

"आणि मला कुणी सांगितलं नाही!" मिस्त्री हळहळले. मग चष्मा नीट करत ते जिना उतरून गेले, एकही पायरी न चाचपता. त्यांच्या मागून बाई खाली बघत होत्या, तोच पॅकिंगमधली थोरली जाऊ वर येताना दिसली. पंखा फिरत होता, म्हणाली, पण उलटा.

"येते," बाई म्हणाल्या आणि पदर खोचला.